तीन नंबरची विहीर

मिरजेच्या पूर्वेला, रुळाशेजारी एक कोळशाचा डेपो आहे. मालगाडीतून उतरवलेला कोळसा तिथं उघड्यावर ढीग करून ठेवतात. पावसात त्या ढिगांतून झिरपलेलं पाणी जमिनीत मुरतं. ते आसपासच्या विहिरींत उतरतं का, हे बघायचं काम आमच्या विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेकडं होतं, आणि दर महिन्याला पाच विहिरींचे नमुने आणायचं काम माझ्याकडं. वर्षभर बाराही नमुने चांगले आले, की तपासणी बंद होणार होती. मग डेपोवाल्यांना कोळशाखाली फरशी घालायची गरज उरणार नव्हती.

नमुना घेण्याचे नियम मला तोंडपाठ आहेत. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, पाणी स्वतःच्या हातानं उपसायचं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. चार विहिरींवर मी नाकानं कांदे सोलत हे सगळं पाळायची. लालासाहेब नावाच्या एका बागायतदारानं एकदा मदतीला हात पुढं केला, तर त्यांना पाच मिनिटं लेक्चर दिलं होतं.

तीन नंबरच्या विहिरीवर मात्र माझं सगळं शास्त्र भाकरीपुढं गुडघे टेकायचं. ती विहीर सुलामावशींची. मावशी सत्तरीच्या, घरात त्या आणि त्यांचे मालक आकाराम, दावणीला वीस-बावीस मेंढरं. मी अकराच्या उन्हात स्कूटर लावली, की मावशी म्हणायच्या, "बस आदी. त्वांड बघ किती वाळलंय. आण ती बाटली, मी भरती." आणि मी बसायची! रहिमतपूर सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला बाजरीची गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक मिळाल्यावर तिनं बसू नये तर काय करावं? दोन घास होईस्तोवर मावशी घरातून भरलेली बाटली आणून, पदरानं पुसून माझ्या हातात द्यायच्या. माझा त्यांच्यावर फार जीव होता. अजून आहे.

गंमत म्हणजे ही विहीर ढिगाच्या सगळ्यांत जवळ, तीही उताराच्या अंगाला, आणि पाण्याचा निकाल मात्र पाचांत पहिला. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वीरधवल सर, त्यांनी विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "खालचा खडक वेगळा असणार, सर." मावशींची मेंढरं विहिरीजवळच्या दगडी डोणीला कधी तोंड लावत नाहीत, हे मी अकरा महिने बघत होते. मला वाटायचं, मेंढरं लाडावलीत.

बाराव्या खेपेला दुपारी मिरजेत दुसरं काम होतं, म्हणून मी सकाळी आठलाच पोचले. मावशी घरात नव्हत्या. वरच्या माळाकडून डोक्यावर घागर घेऊन, दर वीस पावलांवर थांबत त्या येताना दिसल्या. मी पळत जाऊन घागर उतरवून घेतली.

"हे कुठलं पाणी, मावशी?"

"दादासोच्या वरल्या हिरीचं. तू आज लवकर कशी गं? अजून चूल न्हाई पेटवली."

"दादासोंच्या विहिरीचं कशाला?"

"तुझ्या बाटलीला." त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "दर म्हयन्याला आणती की. आपल्या दारात आलेल्या पोरीच्या हातात वंगाळ पाणी कसं द्यावं? आमच्यात तसं न्हाई देत."

दोन किलोमीटरची चढण, सत्तरीचे गुडघे, आणि मी सरांना खडक समजावून सांगत होते.

"मग तुम्ही दोघं काय पिता?"

"आमी? हीच की, दारातली. जरा आंबूस लागती. आता जीभ सरावली. रोज वर जायाला गुडघं ऱ्हातात व्हय? मेंढरं वरच पिऊन येत्यात, त्येंचं बरं हाय."

मला त्यांचा राग आला आणि त्याच्या दसपट स्वतःचा. मी विहिरीवर गेले, बादली सोडली, पाणी वर ओढलं. वर तांबूस साय होती. पाण्यातले क्षार मोजायचा मीटर बुडवला. आकडा चढत चढत चांगल्या पाण्याच्या सहापटीवर जाऊन थांबला. मी बाटली तीनदा विसळून तेच पाणी भरलं. मावशी बाजूला उभ्या राहून पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"अगं, ती नको न्हिऊस. लोक काय म्हणतील?"

"हेच न्यायचं असतं, मावशी. चूक माझी. मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

तिथूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अकरा महिने तुम्ही तिथं झोपला होता का?"

"नाही सर. जेवत होते."

सर अस्सल सांगलीकर. जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं आणि मग म्हणाले, "तीन नंबरचे अकराही निकाल रद्द, असं लिहा. चूक कुणाची, तेही लिहा. वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि त्या घराला टँकर द्यायचं पत्र आजच माझ्या टेबलावर पाहिजे. तुमच्या नोकरीचं नंतर बघू."

मी परत ओट्यावर आले. मावशींना वाटत होतं, त्यांच्यामुळं माझं काहीतरी बिघडलं. डोळे पाण्यानं भरले होते. मी त्यांना बसवलं, त्यांनीच आणलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि पुढं धरला.

"आता हे तुम्ही प्यायचं."

"ती तुझ्यासाटनं आणलीय."

"मावशी, प्या."

त्यांनी संकोचत एक घोट घेतला. थांबल्या. तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लय ग्वाड हाय की गं ह्ये," त्या म्हणाल्या.

अकरा महिने डोक्यावरून वाहिलेलं ते पाणी त्यांनी एकदाही चाखलं नव्हतं.