टाकीची सावली

"पहिलं आधी बाद करा," वहिनी म्हणाल्या. "खोलीला खिडकी एक आणि सावल्या पडल्यात तीन बाजूंना. हे कुठलं ऊन?"

सॉफ्टवेअर विकणारा माणूस कसनुसं हसला. शेजारी बसलेल्या भाऊजींनी वहीत काट मारली. घरं-दुकानं आतून सजवून देणारं हे ऑफिस भाऊजींचं, वहिनी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. तयार खोली कशी दिसेल ते गिऱ्हाइकाला आधीच दाखवायचं, त्यासाठी तीनपैकी एक सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. तिन्ही सॉफ्टवेअरवर एकाच खोलीची चित्रं बनवली होती. आणि निवडायला बसवलं कुणाला, तर बावीस वर्षं हीच चित्रं जलरंगात हाताने काढणाऱ्या बाईला. बकऱ्यानेच सुरीची धार तपासून द्यावी, असला प्रकार.

नवरा गेला त्या वर्षी दिराने त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं होतं. त्या टेबलावर त्यांनी मुलीचं शिक्षण केलं, तिचं लग्न केलं, आणि मुख्य म्हणजे दिवस काढले. घरात त्यांना आता बोलायला भिंतीच होत्या. म्हणून सकाळी आल्या आल्या त्यांनी लाज सोडून विचारलं होतं, "भाऊजी, माझं टेबल राहील ना?"

"काय बोलता वहिनी! तुमच्या नजरेशिवाय इथलं पान तरी हलतं का?"

वहिनींचा जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या चित्रात फरशी नुसती लखलखत होती. "यावर पाय ठेवायला गिऱ्हाईक घाबरेल, घसरून पडेल बिचारं," त्या म्हणाल्या आणि तिघंही हसले. हसता हसता त्यांच्या मनात आलं, हेच चांगलं म्हणून सांगावं का? दोन महिन्यांत गिऱ्हाइकं नाकं मुरडतील आणि भाऊजी मुकाट्याने पुन्हा ब्रशाकडे येतील. विचार आला तशी त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

तिसऱ्याला एक चित्र बनवायला आठ मिनिटं लागत. पडद्यावर आधी नुसते ठिपके होते, मग हळूहळू खोली भरत गेली. सोफ्याखाली मऊ अंधार होता. पांढऱ्या भिंतीवर खालून फरशीचा तपकिरी रंग किंचित चढला होता. वहिनी पुढे वाकल्या. असा रंग त्या जवळजवळ कोरड्या ब्रशाने चढवत, आणि ही गोष्ट जगात आपल्यालाच ठाऊक आहे असं त्यांना वाटायचं. फरशीवर उन्हाचा लांबट तुकडा पडला होता. त्याचा एक कोपरा कुणीतरी चावा घेतल्यासारखा गोल तुटला होता.

"बाहेर कशाची तरी सावली आहे. तीसुद्धा धरली याने?"

"सगळं भरावं लागतं, मॅडम. शेजारची इमारत, दिशा, वेळ. हे दुपारी चारचं ऊन आहे."

"मग हेच घ्या." हातचं राखून बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "फक्त तो कोपरा ओका दिसतोय. तिथे झाड ठेवा, उंच."

त्याने झाड ठेवलं. खोलीचं रूपच पालटलं.

वहिनी समाधानाने आपल्या टेबलाशी गेल्या. चार वाजले होते. रोजच्यासारखं ऊन कागदावर आलं होतं आणि शेजारच्या गच्चीवरच्या टाकीची गोल सावली त्याचा कोपरा खात होती. या उन्हाने रंग फार लवकर वाळतो म्हणून बावीस वर्षं त्या कुरकुरत आल्या होत्या. त्यांनी तो तुकडा पाहिला. मग वळून पडदा पाहिला. खिडकी जमिनीपर्यंत खाली आणलेली होती, मधली भिंत गेली होती, पण चावा तोच होता.

आतापर्यंत त्या फक्त ऊन बघत होत्या. खोली कुणाची, हे बघायचं राहूनच गेलं.

"भाऊजी, हे आपलं ऑफिस आहे?"

भाऊजींनी वही मिटली. "पुढच्या महिन्यात तोडफोड सुरू करतोय. खिडकीपाशी गिऱ्हाइकं बसतील."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम दुसरं निवडलं असतंत. चालायचंच वहिनी, माणूस आहे. माझा काही राग नाही."

टेबल गेलं त्यापेक्षा हे लागलं. न केलेल्या पापाची माफी त्यांच्या पदरात टाकून भाऊजी मोकळे झाले होते. आणि तो विचार मनात येऊन तर गेलाच होता.

"टेबल घरी पाठवतो. छंद म्हणून काढत जा काहीतरी," भाऊजी म्हणाले.

विकणाऱ्या माणसाला यातलं काही कळलं नव्हतं. "सर, झाड थोडं उजवीकडे घेऊ का?"

"वहिनींना विचारा," भाऊजी सवयीने म्हणाले.

वहिनींनी पाहिलं. "उजवीकडे नको. तिथे टाकीची सावली येते, जगणार नाही. डावीकडे घ्या."

त्याने घेतलं, बरोबर त्यांच्या खुर्चीच्या जागी. पडद्यावर पुन्हा ठिपके आले. वहिनींनी रंगाचं पाणी मोरीत ओतलं, ब्रश पुसून फडक्यात गुंडाळले आणि पर्स खांद्याला लावून त्या उभ्या राहिल्या, आठ मिनिटं, ऊन नीट पडतंय का ते बघायला.