सकाळची फेरी

सासऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या मिल्काने कुंपणावर टाकलेला गालिचा दोनदा झटकला आणि धूळ खाली बसायच्या आत म्हणाली, "फार चालतात गं तुझे सासरे. जरा लक्ष ठेव."

उर्शाने ते हसण्यावारी नेलं होतं. ऑगस्टमधली गोष्ट. शहात्तराव्या वर्षी माणूस चालतो याची कोणी काळजी करतं का? इकडे तर पडसं झालेल्यालाही आधी विचारतात, डोंगरावर जाऊन आलास का, आणि मग डॉक्टरचं नाव सांगतात.

आता नोव्हेंबर उजाडला होता आणि उर्शा किल्ल्याच्या दारापाशी वाकून ब्रीनाच्या बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधत होती. धुकं इतकं खाली आलं होतं की लोका गाव ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. चर्चची घंटा, कुणाचा तरी खोकला, नदीचं पाणी. जुन्या दगडी पुलाची कमान मध्यापर्यंतच होती. पुढची कुणी रात्रीत काढून नेली असावी असं वाटत होतं.

विन्को, तिचे सासरे, भिंतीच्या कडेने आले. हातात काठी, डोक्यावर टोपी. बूट घोट्यापर्यंत ओले.

"बाबा, बूट भिजलेत तुमचे."

"बागेत होतो," ते म्हणाले आणि नातीकडे वळले. "काय बाईसाहेब? जायचं ना?"

"डोंगर कुठंय?" ब्रीनाने विचारलं. ती चार वर्षांची होती आणि तिला पुरावा लागायचा.

"झोपलाय. डोक्यावरून पांघरूण घेऊन."

"मग उठवायचा?"

"छे! पाय हळू टाकायचे. त्याला गुदगुल्या होतात."

उर्शाने मुलीच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, पुन्हा थोडी खाली केली. पिशवीत जादा मोजे होते, जादा टोपी होती, तापाचं औषध होतं. गाश्पर, तिचा नवरा, नेहमी म्हणायचा की उर्शा अंगणात निघाली तरी मोहिमेवर निघाल्यासारखी निघते. पण या वेळी तिला पाठवलं होतं त्यानेच. तो आठवडाभर सीमेपलीकडे, ऑस्ट्रियात कामाला असे. सप्टेंबरमध्ये विन्कोंनी चुलीवर ठेवलेलं पातेलं जळून काळं झालं, शेजाऱ्यांनी आत शिरायला खिडकी फोडली, आणि तेव्हापासून त्यांच्या किल्ल्याखालच्या घराला एक गिऱ्हाईक लागलं होतं, आणि जवळच्या क्रान्य शहरातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होत होती. दोन्हींना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"एक अख्खा दिवस त्यांच्याबरोबर काढ," गाश्पर म्हणाला होता. "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तू म्हणशील तसं करू."

विन्कोंना हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते आज दाढी करून आले होते.

वाट बीच नावाच्या पानझडी झाडांतून वर चढत होती. पानं गळून तांबूस थर झाला होता आणि पावलांचा आवाज त्यात बुडून जात होता. उर्शा पोरीच्या मागे एक हात पुढे धरून चालत होती. मूळ, दगड, निसरडी फळी. विन्को पुढे. त्यांना वाट बघावी लागत नव्हती. "इथे डावीकडून," ते न वळता म्हणायचे, आणि खरोखरच उजवीकडे चिखल असायचा. एका ठिकाणी थांबून त्यांनी काठीने पानं बाजूला केली. खाली बोटभर झरा होता.

"तुझ्या सासूचं हे पाणी. कितीही घाई असो, इथे तोंड धुतल्याशिवाय पुढे यायची नाही. मी म्हणायचो, अगं, वर कोण बघणार आहे तुला? म्हणायची, डोंगर."

उर्शा मनातल्या मनात गाश्परला सांगायला लागली होती. झरा आठवला. फळी आठवली. किती साली कुठलं झाड पडलं तेही आठवलं. प्रत्येक वळणावर तिचे खांदे थोडे सैल होत होते.

एका वळणावर खोडावर डोंगरवाटेची खूण होती, लाल वर्तुळ, मधे पांढरा ठिपका. विन्को तिथे टेकले.

"हजार मीटर झाले. आता तुम्ही-बिम्ही बंद."

"मला नाही जमायचं हं, बाबा."

"का? रीत आहे. खाली बिशपला अहो-जाहो करायचं. वर बिशप भेटला तर, अरे, सरक की जरा, मला बसू दे!"

"बिशप नाही, सासरे आहात."

"सासरा खाली. वर नुसता विन्को."

"विन्को," ब्रीनाने लगेच हात वर केले, "उचल मला. पाय दुखले."

म्हातारा इतका हसला की त्याला काठीवर रेलावं लागलं. उर्शाही हसली. सहा वर्षांत तिने या माणसाला अरे म्हटलं नव्हतं आणि आजही तिच्या तोंडून ते निघेना.

मग धुकं संपलं. हळूहळू विरलं नाही. एका पावलात संपलं. पाण्यातून डोकं वर काढावं तशी तिघं उन्हात आली. खाली गाव नव्हतं, किल्ला नव्हता, रस्ते नव्हते. पांढरा, न हलणारा समुद्र होता आणि त्यात टेकड्यांची बेटं, एकावर इवलंसं चर्च. पलीकडे आल्प्सची रांग, नव्या बर्फाची. ब्रीनाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि विचारायचंच विसरली.

शिखरावरच्या डोंगरघरात पाव्लाने तिघांपुढे जवाचं दाट सूप ठेवलं आणि मुलीपुढे सफरचंद-मनुके भरलेला गोड रोल, श्ट्रूडल. पाव्ला हे घर चालवत होती. हात पुसत ती तिथेच उभी राहिली.

"सून का तू? बरं झालं आलीस. याला सांग, डिसेंबरात सदरा इस्त्री करून ठेव. मानचिन्ह मिळणार आहे याला. या वर्षी इतक्या फेऱ्या कुणाच्याच नाहीत. पोरंटोरं मागे पडली!"

"इतक्या?" उर्शाने विचारलं.

"अगं, कधी कधी दिवसातून दोनदा. आम्ही टाळ्या वाजवतो. विन्को, खरं की नाही?"

विन्को सुपात पाव बुडवत होते. "चालतो आपला," ते म्हणाले.

दाराशेजारी फळीवर वही होती, पेन दोरीने बांधलेलं. जो येईल त्याने नाव लिहायचं, वेळ लिहायची, वाटलं तर दोन शब्द. ब्रीना श्ट्रूडलमधून मनुके वेचून रांगेत लावत होती. तिच्यावर एक डोळा ठेवून उर्शाने वही उघडली आणि मागची पानं चाळली.

विन्को हाफ्नर, आठ वाजून वीस. सकाळची फेरी. त्याच पानावर खाली, विन्को हाफ्नर, एक वाजून दहा. सकाळची फेरी.

तिने पान उलटलं. चौदा ऑक्टोबर. सव्वाआठ, सकाळची फेरी. मग सात-आठ अनोळखी नावं, आणि त्यांच्याखाली तेच सरळ, शाळेत शिकवलेलं अक्षर. विन्को हाफ्नर, चार पस्तीस. सकाळची फेरी.

चार पस्तीसला ऑक्टोबरात ऊन उतरलेलं असतं. तिने अजून काही पानं पाहिली. मग पाहायचं थांबवलं.

"सरक, मलाही लिहू दे," विन्को मागून म्हणाले. त्यांनी पेन घेतलं, आजचं पान काढलं. उर्शाने ते पान अजून पाहिलं नव्हतं. पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

विन्को हाफ्नर, सव्वासात.

खोलीत कुणीतरी बाक सरकवला. ब्रीना मनुके मोजत होती. पाचानंतर आठ आले. विन्कोंनी त्या ओळीवर तळहात ठेवला, जसा एखाद्या मुलाच्या कपाळावर ठेवतात, आणि नंतर काढला.

"अक्षर माझंच ना?"

"हो."

"मग आलो होतो." ते स्वतःच्या ओल्या बुटांकडे पाहत राहिले. "आणि मला वाटलं, बागेत."

उर्शाने त्यांच्या कोटाच्या बाहीवरचं एक वाळलेलं पान काढलं. ते मुठीत धरून ठेवलं.

"दमलास का रे?" ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. "नाही गं. तेच तर वाईट आहे. दमलो असतो तर कळलं असतं."

दोघं बाहेर ओसरीवर उभी राहिली, दार उघडं ठेवून, म्हणजे पोरगी दिसत राहील. विन्कोंनी काठी धुक्याच्या समुद्राच्या दिशेने उचलली.

"किल्ला तिथे आहे. दिसत नाही, पण तिथेच आहे. डोळे बांधून सोड, मी बरोबर दारात उतरेन. वाट मी कधी चुकलो नाही, उर्शा. फक्त आधी येऊन गेलो का, तेवढं..." त्यांनी काठी खाली केली. "काय सांगणार तू गाश्परला?"

तिने उत्तर द्यायच्या आधीच फोन वाजला. गाश्परची जेवणाची सुट्टी झाली होती.

"कसे आहेत?"

"वाट चुकले नाहीत. एकदाही."

"म्हणजे ठीक आहेत?"

उर्शाने विन्कोंकडे पाहिलं. ते दूर सरकले नाहीत. ऐकू येईल इतक्या अंतरावर, टोपी हातात घेऊन उभे होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"नाही," ती म्हणाली. "ठीक नाहीत. तू येशील तेव्हा नीट सांगते, डॉक्टरकडेही जाऊ. पण सोमवारी कुणालाच होकार देऊ नकोस. घरालाही नाही, खोलीलाही नाही."

"उर्शा, अगं, मग त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"बघते मी," ती म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

आत जाऊन तिने पाव्लाला बाजूला घेतलं, वहीतल्या वेळा सांगितल्या आणि येणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहू का असं विचारलं. पाव्लाचं तोंड ऐकता ऐकता उतरलं. हातातलं फडकं तिने घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "आम्ही टाळ्या वाजवत होतो गं," ती म्हणाली. मग वही आणून तिने पुठ्ठ्याची आतली बाजू उघडून दिली. "इथे लिही. पान बदलतं, पुठ्ठा बदलत नाही."

"तो रोज वाचेल," उर्शा म्हणाली.

"वाचू दे," विन्को दारातून म्हणाले. ब्रीना त्यांच्या खांद्यावर बसली होती आणि उर्शाने तिला उतरव म्हटलं नाही. "टोपी निळी आहे असं लिही. लोक हिरवी समजतात."

उर्शाने पेन घेतलं. दोरी आखूड होती, वाकून लिहावं लागत होतं.

'तू जो कोणी हे वाचत असशील: दुपारनंतर तुला या वाटेवर विन्को हाफ्नर भेटला, निळी टोपी, हातात काठी, तर शाबासकी देऊ नकोस. वही उघडून बघ. सकाळी त्याचं नाव असेल तर त्याच्याबरोबर खाली उतर. वाट दाखवू नकोस, ती त्याला तुझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. झऱ्यापाशी थांबला तर थांब. किल्ल्याच्या भिंतीखालचं तिसरं घर त्याचं. तो आत जाईल, दार लावेल. तू लगेच निघू नकोस. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावरून दिसते. दिवा लागला का, तेवढं बघ. नाही लागला, तर दार वाजव.'