कुलूपबंद दुकानातली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. दिवाणखान्यातली नव्हे, न्हाव्याच्या दुकानातली. माझा पाया ओतीव लोखंडाचा, हातांवर पांढरा मुलामा, डोकं टेकायला उशी आणि बाजूला एक दांडा. तो दाबला की बसलेला माणूस वर जातो. मित्रांनो, लहानपणी माझ्यासारख्या खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून ज्यांना बसवलं असेल, ते मला ओळखतील. बाकीच्यांनी नुसतं ऐकावं. माझी कहाणी गोड नाही आणि ती गोड करून सांगणं मला जमणार नाही.

एका भपकेबाज दुकानाने नव्या खुर्च्या आणल्या आणि मला मोडीत काढलं. तिथून एका तरुण न्हाव्याने मला उचललं, घासलं, तेल पाजलं आणि आपल्या चिंचोळ्या दुकानात आरशासमोर बसवलं. त्याची मुलं त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबांचा हात इतका हलका होता की गिऱ्हाइकं दाढी होता होता घोरायची. ‘खुर्ची आहे की पाळणा!’ असं कुणी म्हटलं की माझ्या स्प्रिंगा खूश होऊन कुरकुरायच्या.

बाबांना दोन मुलं. थोरला दादा आणि त्याच्या पाठची धाकटी. दादा मिसरूड फुटायच्या वयात बाबांच्या हाताखाली शिकू लागला. हात चांगला होता त्याचा. पण एकदा एका गिऱ्हाइकाने त्याच्या चिडण्याची थट्टा केली, आणि दादाच्या हातातल्या वस्तऱ्याने त्या माणसाचा कान चिरला. बाबांनी वस्तरा काढून घेतला आणि म्हणाले, ‘‘उद्यापासून येऊ नकोस.’’ का, ते सांगितलं नाही. दादाने विचारलंही नाही. तो फरशांच्या दुकानात विक्रेता म्हणून लागला आणि पुढे तिथला मोठा माणूस झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचे मित्र, कोपऱ्यावरचे औषधवाले, माझ्यात बसले होते. बाबा त्यांना हळूच म्हणाले, ‘‘चुकून कापलं असतं तर शिकवलं असतं रे. पण त्याने रागाने कापलं. मी पाहिलं. हे त्याला सांगितलं तर पोरगा जन्मभर स्वतःलाच घाबरेल.’’

हे तिघांनीच ऐकलं. बाबांनी, औषधवाल्यांनी आणि मी.

पुढे धाकटीने कात्री हातात घेतली. बाईमाणूस केस कापणार म्हणून काही गिऱ्हाइकं दारातूनच मागे फिरायची. बाबा ओरडून सांगायचे, ‘‘बसायचं तर बस, नाहीतर जटा वाढव!’’ हळूहळू सगळे बसू लागले. बाबा थकले तेव्हा दुकान तीच चालवत होती. दादा सणावारासारखा कधीतरी यायचा, फुकट दाढी करून घ्यायचा आणि बापाशी हवापाण्याच्या गप्पा मारून जायचा.

एका निवांत दुपारी बाबांनी औषधवाल्यांना आणि समोरच्या घड्याळवाल्या काकांना बोलावलं. लहान मुलांना बसवायची फळी माझ्या हातांवर टाकली, तिच्यावर कागद ठेवला आणि सही केली. मग त्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. ते बाबांचं मृत्युपत्र होतं. राहतं घर दादाला, दुकान धाकटीला.

बाबा गेले. मातीहून परतलेली माणसं अजून पांगली नव्हती, तोच दादा दुकानात येऊन म्हणाला, ‘‘किल्ल्या दे.’’

धाकटीने मृत्युपत्राची प्रत पुढे केली. त्याने ती वाचली. त्याचं तोंड पांढरं पडलं आणि मग लाल झालं.

‘‘बाबांचा हात थरथरत होता. गोळ्यांच्या गुंगीत सही घेतलीस तू!’’

‘‘गोळ्या द्यायला तू कितीदा आलास रे? नाव तरी माहिती आहे का एखाद्या गोळीचं?’’

‘‘बघतोच मी.’’

‘‘बघ. आयुष्यभर लांबूनच बघत आलायस.’’

मित्रांनो, वस्तऱ्याला निदान म्यान असतं, जिभेला तेही नाही.

धाकटीची वकीलबाई दुकानातच आली आणि तिने समजावून सांगितलं, ‘‘नुसता कागद असून भागत नाही. तो खरा आहे असं कोर्टाने म्हणावं लागतं. त्याला प्रोबेट म्हणतात. त्याशिवाय दुकान तुमच्या नावावर चढणार नाही. आपण अर्ज करू, नोटीस निघेल, वर्तमानपत्रात छापून येईल. कुणाची हरकत नसली तर लवकर आटपेल.’’

हरकत होती. दादाने ती लेखी दिली. मग साध्या अर्जाचा दावा झाला, आणि निकाल लागेपर्यंत दुकानाला कुणीही हात लावायचा नाही असं कोर्टाने बजावलं. कोर्टाचा माणूस येऊन कुलूप लावून गेला. दारावर डकवलेल्या नोटिशीची पाठ तेवढी मला काचेतून दिसायची.

त्या काळाबद्दल काय सांगू? उंदरांनी माझी गादी पोखरली. दांडा गंजून आखडला. आरशावर धूळ एवढी साचली की मी मलाच दिसेनाशी झाले. धाकटी पिशवी खांद्याला लावून घरोघर केस कापायला जायची. दारासमोरून जाताना ती काचेला कपाळ टेकून आत पाहायची. एकदा तशी उभी असताना पाठीमागून दादा आला.

‘‘काय चोरायचं राहिलंय आत?’’

‘‘तू काय जाळायला आलायस?’’

येणारेजाणारे थांबले. दोघं एवढी ओरडली की वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी लावून घेतली. शेवटी दादा म्हणाला, ‘‘मला बहीण नाही.’’ धाकटी म्हणाली, ‘‘बरं झालं, माझा मनस्ताप वाचला.’’ आणि रात्रंदिवस त्यांचा बाप आठवत बसलेली मी मात्र आत, कुलपामागे.

दाव्याच्या तारखा पडत राहिल्या आणि त्यातच औषधवाले वारले. आता साक्षीदार उरले फक्त घड्याळवाले काका, तेही पायांनी अधू. कोर्टाचे जिने त्यांना चढवेनात. म्हणून साक्ष नोंदवायला कोर्टाने एका कमिशनरला पाठवलं आणि तेवढ्यापुरतं दुकान उघडलं. काकांना धरून आणलं आणि माझ्यात बसवलं. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली, दादा दाराशी. मध्ये दोन्हीकडचे वकील.

दादाच्या वकिलाने विचारलं, ‘‘सही केली तो वार कोणता होता?’’

‘‘आठवत नाही बुवा.’’

‘‘मग सही तरी आठवते का?’’

‘‘ती आठवते. त्याने माझ्यादेखत केली. शुद्धीवर होता. वर मलाच दटावलं, शाई सांडू नकोस म्हणून.’’

‘‘मुलाविषयी काही बोलले?’’

‘‘म्हणाला, घर पोराला दिलंय. दोघं भांडली तर दोघांच्याही कानाखाली वाजव. पण आता मला हातच उचलवत नाही.’’

तेवढ्यात दादा वकिलाला बाजूला सारून पुढे आला.

‘‘काका, मला दुकान नकोय. मला एवढंच सांगा, त्यांनी मला का हाकललं? एकदा कान कापला म्हणून? एकदाच ना!’’

काकांनी खूप वेळ डोकं हलवलं. ‘‘ते मला नाही सांगितलं रे त्याने.’’

‘‘हे लिहायचं का?’’ कमिशनरने विचारलं.

‘‘नको,’’ दोन्ही वकील एकदम म्हणाले.

‘‘लिहा!’’ दादा ओरडला. ‘‘लिहा, की कुणालाच सांगितलं नाही!’’

सांगितलं होतं. एकजण मातीत गेला होता आणि दुसरी लोखंडाची होती. त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचा जेवढा राग आला, तेवढा गंजाचाही कधी आला नव्हता.

निकाल धाकटीच्या बाजूने लागला. कोर्टाच्या शिक्क्याचं प्रोबेट तिला मिळालं, कुलूप निघालं. तिने माझी गादी नवी केली, दांड्यात तेल सोडलं. जुनी गिऱ्हाइकं परतली. दादाने पुढे अपील केलं नाही, पण बोलणंही केलं नाही.

एका सकाळी तोच आला. दाढीचं जंगल माजलेलं. सरळ माझ्यात बसला. धाकटीने त्याच्या गळ्याला कापड बांधलं, फेस लावला आणि वस्तरा उघडला. मी दोघांनाही झेलून होते. त्याची पाठ दगडासारखी ताठ होती, आणि तिने आपला गुडघा माझ्या पायपट्टीला घट्ट रोवला होता. कुठेही साधा ओरखडा उठला नाही.

त्याने आरशात गाल फिरवून पाहिला. ‘‘बाबांचा हात हलका होता.’’

‘‘हो. आणि ते गिऱ्हाइकाला हाकलत नसत. म्हणून तुला बसू दिलं.’’

तो उठला आणि निघून गेला. त्यानंतर आला नाही. ती दार उघडताना रोज रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघते आणि विचारलं तर म्हणते, सवय आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल घाला, आमचे स्क्रू आवळा, एवढं सांगून मी थांबले असते. पण लोखंड सांभाळणं सोपं आहे. कोर्टाने दुकान कुणाचं ते ठरवलं. बाबांनी दादाला का काढलं, हे कोर्टाला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या मनात आईबापांविषयी असा एखादा ‘का’ सलत असेल तर आजच विचारा. भांडून विचारा, रडून विचारा, पण ते समोर बसलेले असताना विचारा. आणि उद्या तुम्ही कुणाचे आईबाप झालात, तर मनातलं दुकानातल्या मित्राला सांगू नका. ज्याचं आहे, त्याला सांगा.