दुसऱ्या मजल्यावरची लाल खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लाल, प्लास्टिकची, दोन्ही हात शाबूत असलेली. माझा मुक्काम दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावरच्या कोपऱ्यात. आणि आज मी इतकी खूश आहे की चारही पाय जमिनीवर ठरत नाहीत!

आम्ही वीस बहिणी एकाच साच्यातून निघालो. एका सोसायटीच्या कमिटीने आम्हाला घेतलं. रंग कोणता यावर तीन सभा झाल्या. चौथ्या सभेत कळलं की दुकानात लालच उरल्यात, मग ठराव एकमताने मंजूर. वीसच का, तर नियमाप्रमाणे वीस सभासद जमल्याशिवाय सभेची गणपूर्ती होत नाही. आमचे सचिव डोकी मोजत नसत, खुर्च्या मोजत. वीसही भरल्या की सभा सुरू. उभा राहिलेला माणूस त्यांच्या हिशेबी आलेलाच नसे.

वर्षातून एक दिवस काम, बाकी दिवस एकमेकींच्या डोक्यावर बसून राहायचं. जीव नुसता विटला होता. मग चौथ्या मजल्यावरच्या टेलर आजोबांचा गुडघा बिघडला. इमारतीला लिफ्ट नाही. त्यांच्या सुनेने मला उचललं आणि इथे आणून ठेवलं. आजोबा रोज संध्याकाळी उतरताना माझ्यावर टेकायचे, दम घ्यायचे, मग फाटकाशी जाऊन वॉचमनसोबत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पँटींची शिलाई बघायचे. कुणाची पट्टी उसवलेली दिसली की त्यांचा दिवस सार्थकी लागे. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

पण सचिवांनी मला पाहिलं. जिन्यात काहीही ठेवायचं नाही, असा नियम. वार्षिक सभेच्या पत्रिकेत मी विषय क्रमांक तीन झाले. आजोबा सुनेला म्हणाले, ‘‘ती गेली की माझं खाली जाणं संपलं. मग चार भिंतीच बघायच्या.’’ ऐकून माझी पाठ ताठ झाली, तशी ती असतेच म्हणा.

सभेच्या दिवशी खाली पंचवीस माणसं आणि एकोणीस खुर्च्या. सचिवांनी दोनदा मोजलं आणि गणपूर्ती नसल्याचं जाहीर केलं. भिंतीला टेकलेल्या सहा जणांनीही माना डोलावल्या, कारण पद्धत म्हणजे पद्धत! वॉचमनला पिटाळून मलाच खाली आणवलं. म्हणजे मला हाकलायचा ठराव माझ्याच जिवावर. पहिले दोन विषय चुटकीसरशी उरकले.

तिसरा विषय पुकारला तेव्हा सून उठली. आजोबा स्वतः बोलायला येतायत, थोडं थांबा, म्हणाली. सगळे थांबले, पण आजोबा येईनात. तिच्या एकदम लक्षात आलं. तिने माझ्यावर बसलेल्या शेजाऱ्याला उठवलं, मला काखोटीला मारलं आणि जिन्याकडे धावली. तिच्यामागे अध्यक्ष आणि अख्खी सभा. सचिव ओरडत राहिले की सभा खाली आहे.

दुसऱ्या मजल्यावर आजोबा कठडा धरून थरथरत उभे होते. पाय ना वर पडत होता ना खाली. मी टेकवल्या टेकवल्या ते माझ्यावर कोसळले. मला तर रडूच आलं असतं. आजोबांनी पाच मिनिटं दम घेतला आणि समोर पाहिलं. अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, भात्यासारखे फुसफुसत होते.

आजोबा कठड्याला धरून उठले. ‘‘बसा सर. तुमची धाप माझ्यापेक्षा मोठी आहे.’’

अध्यक्ष बसले. बरंच बसले. मग तिथूनच म्हणाले, ‘‘विषय तीन. खुर्ची राहू दे म्हणणाऱ्यांनी हात वर करा.’’ जिनाभर हात उभे राहिले. सचिव धापा टाकत वर पोचले आणि म्हणाले, सर, इथे एकच खुर्ची आहे, एकोणीस कमी पडतायत.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. ‘‘अहो, आज जरा माणसं मोजा.’’

सचिवांनी बोट फिरवत मोजलं. आजोबांना धरून सव्वीस! एवढी गणपूर्ती सोसायटीने कधी पाहिली नव्हती. सचिवांनी वहीत लिहिलं, ‘खुर्ची आहे त्या जागी राहील’, आणि लिहायला टेकण मिळेना म्हणून वही माझ्याच हातावर ठेवली.

तर मंडळी, आता निरोप घेते, पावलं वाजतायत. जाता जाता एकच विनंती. तुमच्या जिन्यात एखादी खुर्ची दिसली, तर तिच्याविरुद्ध अर्ज लिहिण्याआधी दोन जिने चढून या आणि तिच्यावर घटकाभर बसा. अर्ज मग बसल्या बसल्या लिहा, लिहावासा वाटला तर.