चमत्कारानंतरची सकाळ

मार्सेला नोव्हाक त्या समुपदेशक बाईकडे गेली ती पूर्ण तयारीनिशी. तिचा नवरा लेनर्ड गेला त्या दिवशी तो कसा गॅरेजसमोरचा बर्फ उपसत होता, फावडं हातातून कसं सुटलं, रुग्णवाहिका यायला किती वेळ लागला, सगळं ओळीने पाठ होतं. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी जवळचं माणूस गमावलेल्यांचा गट जमायचा, तिथे तिने ते इतक्यांदा सांगितलं होतं की आता सांगताना मध्येच जेवणाचा विचार यायचा.

पण ऑड्रा प्रूइट नावाच्या त्या बाईने लेनर्डचं काही विचारलंच नाही. तिने विचारलं, "समजा आज तुम्ही झोपलात आणि झोपेत एक चमत्कार झाला. ज्या त्रासासाठी इथे आलात तो गेला. पण तुम्ही झोपेत, तुम्हाला पत्ता नाही. उद्या सकाळी कशावरून कळेल?"

"मी कॅथलिक आहे," मार्सेला म्हणाली. "चमत्कारांचं खातं आमच्याकडे आधीच कुणीतरी सांभाळतं."

ऑड्रा हसली, पण प्रश्न तिने मागे घेतला नाही. गप्प बसून राहिली. मार्सेलाने मिलवॉकीत सिटी बस चालवण्यात आयुष्य घालवलं होतं. गप्प बसणाऱ्यांची तिला सवय होती, पण ही बाई उतरायचं नाव घेईना.

"कॉफीचा वास येणार नाही," शेवटी ती चिडून म्हणाली. "मला उठून स्वतः करावी लागेल. कडक. रेडिओ मोठ्याने लावेन. झोप लागली का म्हणून कुणी विचारणार नाही."

"आणखी?"

"पडदे उघडे असतील."

एवढं बोलली आणि तिच्या लक्षात आलं. तिने जे घर सांगितलं त्यात लेनर्ड नव्हता, हे एक वेळ ठीक होतं. पण त्यात आर्डिसही नव्हती.

आर्डिस तिची थोरली बहीण. लेनर्डला पुरल्यावर शबॉयगन गावाहून दोन बॅगा घेऊन आली ती राहिलीच. मार्सेला अंथरुणातून उठत नव्हती तेव्हा तिने तिचे केस धुतले, सूप भरवलं. त्याबद्दल कुणी वाईट बोलावं असं काही नव्हतं. पण मग तिने गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. मार्सेलाने बाहेर निघायचं म्हटलं की थंडी आहे, आणि थंडी नसेल तर रस्ता निसरडा आहे. रोज संध्याकाळी लेनर्डचा फोटो टेबलावर घेऊन ती म्हणायची, "बोल, मनात ठेवू नकोस." मार्सेला बोलली नाही तर आर्डिसच रडायची.

त्या शुक्रवारी आर्डिस केस कापायला गेली, तेव्हा मार्सेलाने कितीतरी दिवसांनी स्वतः मासे तळले. एका बाजूने करपले. ते तिने सिंकपाशी उभ्यानेच खाल्ले, बोटं चाटत.

पुढच्या भेटीत ऑड्राने विचारलं, "चमत्कारानंतरच्या त्या सकाळमधलं थोडंसं काही घडलं का?" मार्सेलाने मासे सांगितले. सांगताना तिचं तिलाच कळलं की आता घरी जाऊन काय बोलायचं आहे.

आर्डिस बटाटे सोलत होती. मार्सेलाने कोटही काढला नाही.

"आर्डिस, तू आता आपल्या घरी जा."

"त्या बाईने शिकवलं वाटतं?"

"ती काही शिकवत नाही. नुसती विचारते."

"वर्ष झालं नाही त्याला जाऊन, आणि तू उद्याच्या गप्पा मारतेस? लोक काय म्हणतील? लेनर्ड काय म्हणाला असता?"

"लेनर्ड म्हणाला असता, हिला एवढे दिवस कसं झेललंस."

आर्डिसच्या हातातली सुरी थांबली. "मी तुझे केस धुतले, मार्सेला."

"धुतलेस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आता माझे हात चालतात. किल्ली दे."

रविवारी मार्सेलाने स्वतः गाडी काढली आणि तिला शबॉयगनला पोचवलं. अर्धा रस्ता आर्डिस खिडकीबाहेर रस्त्यालगतच्या मोठ्या तळ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "ब्रेक फार जोरात दाबतेस." दारात तिने गालही पुढे केला नाही.

परतताना एका पेट्रोल पंपाशी मार्सेलाला गाडी थांबवावी लागली. लेनर्ड गेल्यावर कुणी न सांगता, कुणी न विचारता ती पहिल्यांदाच रडली, आणि चांगलं पोट दुखेपर्यंत रडली. पुढचे काही दिवस बरे गेले नाहीत. भांडी साचली, एक दिवस तर दुपारपर्यंत गाऊन बदलला नाही. हे सगळं तिने ऑड्राला सांगितलं आणि वर बजावलं, "यातून बहिणीला परत बोलवायचं असा अर्थ काढायचा नाही." ऑड्रा म्हणाली, "मी तसं म्हटलंच नाही."

गुरुवारी संध्याकाळी आर्डिसचा फोन आला.

"गटात गेली नाहीस म्हणे. फादर मला फोन करून विचारत होते."

"नाही गेले. आता जाणारही नाही."

"रडतेस का?"

"रडते."

"बघ. मी सांगितलं होतं. येऊ का?"

"ईस्टरला ये. पाहुणी म्हणून ये, हॅम मी करते. बॅग एकच आण."

"तुला हॅम करता येत नाही," आर्डिस म्हणाली.

"मग कोरडा खाशील," मार्सेला म्हणाली, आणि फोन ठेवून बूट शोधायला लागली. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता, आणि तिला फिरायला जायचं होतं.