कोरं मेण

धाकट्या डॉक्टरणीला गाठींमध्ये जिवाणू सापडले, आणि प्रयोगशाळेत कुणालाही आनंद झाला नाही.

आनंद व्हावा अशीच गोष्ट होती खरं तर. कॅन्सरच्या गाठीत, तेही थेट पेशींच्या आत, जिवाणू सुखाने नांदत होते. दोनशे बारा पेशंटांच्या गाठी तिने तपासल्या, त्यांतल्या एकशे एकतीस गाठींत ते होते. काही पेशंटांना औषध लागू पडत नाही, ते हे आतले भाडेकरू औषधाचा फडशा पाडतात म्हणून तर नव्हे? हा तिचा पुढचा प्रश्न होता. दोन वर्षं तिने त्यापायी जिवाचं रान केलं होतं. आई तर फोनवर "जेवलीस का" विचारायच्या आधी विचारायची, "सापडले का गं तुझे किडे?"

मोठ्या सरांनी अहवाल चाळला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. सर चष्मा पुसू लागले की समोरच्याचं काही खरं नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

"हे गाठीतलेच कशावरून?" ते म्हणाले. "मेणातले, पाण्यातले, कुणाच्या हातातले नसतील कशावरून? जिवाणू दाराच्या कडीवरही असतात. सोमवारपर्यंत दाखव. नाहीतर हे काम इथंच बंद."

हातातले म्हणजे मेणकाकांच्या हातातले. पेशंटची गाठ आली की काका तिचा तुकडा गरम मेणात बसवायचे, मेण थिजून ब्लॉक झाला की यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे आणि अलगद काचेच्या स्लाइडवर उचलून घ्यायचे. प्रत्येक गाठ त्यांच्या हाताखालून गेलेली. तळघरातल्या खोलीकडे जाताना डॉक्टरणीने मनातल्या मनात सगळं खापर काकांच्या डोक्यावर फोडलं. म्हातारा नाक शिंकरून तसाच कामाला बसत असणार, इथवर तिची मजल गेली.

"काका, खरं सांगा. हातमोजे दर वेळी बदलता का?"

काकांनी यंत्राचं चाक थांबवलं. "दर वेळी नाही बदलत," ते म्हणाले.

"मग संपलं माझं."

"संपलं कसं? ये इकडे."

मागच्या बोळात एक लोखंडी कपाट होतं. त्याला सगळे काकांची अडगळ म्हणत आणि ते रद्दीत कधी जाणार, यावर पैजा लावत. काकांनी खण ओढला. आत ओळीने पांढरे ब्लॉक, प्रत्येकावर तारीख, आणि एकातही गाठीचा तुकडा नाही. नुसतं कोरं मेण.

"एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट," काका म्हणाले. "एका बाईच्या गाठीचा कण माझ्या पाण्यात तरंगत राहिला. राईएवढाही नव्हता. तो पुढच्या बाईच्या स्लाइडला चिकटला. ती बिचारी ठणठणीत, आणि तिला सांगितलं, कॅन्सर आहे. नऊ दिवस रडली ती, मुलांकडे बघून. दहाव्या दिवशी चूक कळली. मला कुणी साधं रागावलंसुद्धा नाही गं." त्यांनी खण आणखी थोडा ओढला. "तेव्हापासून रोज कामाच्या मधोमध एक कोरा ब्लॉक ओततो. तेच मेण, तेच पातं, तेच पाणी. त्याच्या स्लाइडवर कुठल्या गाठीचा कण दिसला, तर पाणी ओतून देऊन पहिल्यापासून सुरुवात. उरलेला ब्लॉक इथं ठेवतो."

डॉक्टरणीने एक ब्लॉक उचलून त्यावरची तारीख वाचली. तिने तपासलेली प्रत्येक गाठ ज्या दिवशी ज्या मेणात बसली, त्याच दिवसाचं, त्याच हातांनी ओतलेलं कोरं मेण समोर होतं. असं काही मागायचंही तिला कधी सुचलं नसतं.

चार दिवस दोघं बसले. काका कोऱ्या ब्लॉकांचे काप काढायचे, ती तपासायची. शनिवारी घोळ झाला. अकरा कोऱ्या ब्लॉकांतही जिवाणू होते! पण प्रकार तपासला तर ते कातडीवर राहणारे निघाले, म्हणजे काकांच्याच बोटांचे पाहुणे. तिने तोच प्रकार गाठींमध्ये शोधला आणि तो जिथं एकटाच होता, अशा तेरा गाठी यादीतून खोडून टाकल्या. एकशे अठरा उरल्या. त्यांतले जिवाणू वेगळेच होते, पेशींच्या आत दडलेले होते, आणि कोऱ्या मेणात त्यांचा मागमूसही नव्हता.

सोमवारी सरांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"कोऱ्या ब्लॉकांची कल्पना कुणाची?"

"काकांची. माझी अजिबात नाही," ती म्हणाली. "मी तर त्यांच्या हातांनाच दोष देत होते."

"काम चालू ठेव," सर म्हणाले. "आणि त्यांचं नाव तुझ्या नावाच्या शेजारी लिही."

ती दोन-दोन पायऱ्या उतरत तळघरात आली. काका यंत्राशी बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं आणि म्हणाली, "काका, तुमचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही नसता तर हे सगळं कचऱ्यात गेलं असतं."

"अकरा ब्लॉकांत माझ्या हातचे निघाले ना पण?" काका ओशाळून म्हणाले.

तिला आता राहवेना. "काका, मी तुमच्या हातांवर संशय घेतला. मनात तुम्हाला नाही नाही ते बोलले. मला माफ करा."

काका हसले. "अगं, तू एकदाच घेतलास. मी रोज घेतो."

तिने त्यांचे मेणाने पांढरे झालेले हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.