पडद्यावरच्या मातीची लेखणी

मी एक जुनी लेखणी आहे. पण मित्रांनो, माझ्यात शाई नाही, शिसे नाही, बॅटरीसुद्धा नाही. एका काळ्या सपाट पाटीजवळ मला नेले, की पाटीतून येणारे चुंबकीय क्षेत्र माझ्या पोटातल्या तारेच्या वेटोळ्याला जागे करते. मी कुठे आहे, किती कलले आहे, टोकावर किती भार आहे, हे सारे पाटीला कळते. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला पहिल्यांदा पाटीवर ओढले, तेव्हा रेघ समोरच्या पडद्यावर उमटली. मी इथे, रेघ तिथे! ते नवल अजून सरलेले नाही.

मी ज्या घरात आले, तिथली आई चित्रपटांसाठी बाहुल्यांची डोकी घडवत असे. लेक त्याच खोलीत संगणकावर काम करी. आईच्या बोटांचे सांधे सुजू लागले होते. डॉक्टरांनी बजावले होते, "माती मळणं बंद म्हणजे बंद." त्याच सुमारास एका दिग्दर्शिकेला संगणकावर घडवलेली म्हातारी हवी होती. एकटीने दीपगृह राखणारी. "सोमवारी चेहरा दाखवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मला दुसरीकडे विचारावं लागेल." हे काम गेले, तर आईचे घडवणेच संपणार होते.

प्रश्न होता, सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे? लेकीने लोकांची मते वाचून काढली होती. आईने ती ऐकलीही नाहीत.

"नवी माती आली की मी काय करते?"

"कान."

"मग सगळ्यांत एकेक कान करू."

कानात वळणे असतात, खळगे असतात, पातळ कडा असते आणि मऊ पाळी असते. कान जमला, की माती आपली, असा आईचा हिशेब होता.

पहिले सॉफ्टवेअर फुकट आणि सुटसुटीत होते. पडद्यावरची माती म्हणजे सूक्ष्म बिंदूंचे जाळे असते. कानाची कडा पातळ करताना बिंदू वाढले आणि सॉफ्टवेअर धापा टाकू लागले. मी पुढे निघून जाई, खाच मागून येई.

"ही माती वाईट आहे," आई म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगण खरंच वाकडं आहे. ये, तू नाचून दाखव."

लेक नाचायला बसली आणि तिनेच ते सॉफ्टवेअर बंद केले.

दुसरे मोठे नावाजलेले होते. लक्षावधी बिंदू ते लीलया पेलत होते. पण हलका हात त्याला कळतच नव्हता. आई मला दाबू लागली. अर्धा कान झाला आणि तिने मला खाली ठेवून हात टेबलाखाली नेला. लेकीने ते पाहिले.

"पण आई, मोठ्या स्टुडिओत सगळे हेच वापरतात गं."

"मग त्यांची बोटंही घेऊन ये."

तिसऱ्यात प्रत्येक हत्याराला वेगळे सांगता येत होते, की किती भाराला किती खोल जायचे. लेकीने तिथली भार आणि खोली जोडणारी वक्ररेषा थोडी वर ओढली. आईने मला नुसते टेकवले, आणि पडद्यावर खोल, गोलसर खळगा पडला. दोघी बघतच राहिल्या. माझ्या टोकावर पिकल्या पानाएवढाही भार नव्हता, आणि तिकडे कान जन्माला येत होता! तेच सॉफ्टवेअर ठरले.

मग म्हातारी घडू लागली. कपाळ, नाक, वाऱ्याने बारीक झालेले डोळे. शनिवारी आई समाधानाने उठली आणि सवयीप्रमाणे म्हातारी मागून बघायला पडद्याच्या पाठीमागे गेली. तिथे धूळ आणि वायरी होत्या.

लेकीला हसू आवरेना. तिने एक कळ दाबून म्हातारीच पडद्यावर फिरवली, आणि तिचे हसू थांबले. समोरून जिवंत दिसणारा चेहरा बाजूने ताटलीसारखा सपाट होता. मातीचे डोके घडवताना आई त्याच्याभोवती फिरत असे. ते काम पायांचे होते, आणि इथे पाय टेबलाखाली बसून होते.

"म्हातारीवरून रोडरोलर गेला का गं?" लेक हळूच म्हणाली.

"गेला. आता तू फिरव, मी उठवते."

रविवारभर लेक कळेपाशी बसली. "फिरव." "फिरवली." "अजून." गाल उठला, हनुवटी पुढे आली.

शेवटी रंग. आधी लेकीने, रंग साठवायला, चेहऱ्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी उलगडून पडद्याच्या कडेला सपाट पसरली. क्षणभर मला ते माणूस वाटेना. पण रंग मात्र आई थेट गालावरच लावत होती, आणि प्रत्येक ठिपका त्या सालीवरही आपल्या जागी उमटत होता. कातडीखालची लाली, पापणीचा निळसरपणा, खाऱ्या वाऱ्याने फुटलेले ओठ. आकड्यांच्या त्या जाळ्यातून कोणीतरी आमच्याकडे पाहू लागले.

सोमवारी दिग्दर्शिका आल्या. त्यांनी म्हातारीला सावकाश पूर्ण फिरवले.

"हिनं किती वादळं पाहिली असतील," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "किनाऱ्यावरच्या गावातल्या हिच्या शेजारणी पण तुम्हीच करायच्या."

त्यानंतर मी पुष्कळ चेहरे केले. माझे टोक तिरके झिजले, ते बदलले, पुन्हा झिजले. आता पडद्यावरच लिहिणारी नवी लेखणी आली आहे. मी एका पेल्यात टोकावर उभी असते, आणि वरून कात्र्या, ब्रश, पट्ट्या रेलतात. माझी तक्रार नाही, फक्त एक विनंती आहे. मित्रांनो, माझ्यासारखीला आडवी ठेवा. टोकावर सतत भार राहिला, की आतली जाण बोथट होते. मग कोणी खरोखर टेकवले, तरी कळत नाही.

परवा आईने मला पेल्यातून उचलून मऊ फडक्यावर आडवे निजवले. मग शेजारी आपला हातही तसाच ठेवला, थोडा वेळ.